विनामोल सुरांचें ऋण

'फुकट तें पौष्टिक' अशी एक म्हण आपल्याकडे थट्टेनें वापरतात. थट्टा असली तरी तींत लोकस्वभावाचें मार्मिक निरीक्षण आहे. जी वस्तु पैसे मोजून घेतली तिची आपण कसून चौकशी करतों; ती कोणी केली, कोठें केली, किती दिवस टिकेल, ह्याचा जाब विचारतों. जी वस्तु विनामूल्य हातीं आली तिच्या बाबतींत मात्र आपली जिज्ञासा तेथेंच थांबते. इतिहासहि ह्या दोषापासून सर्वस्वीं मुक्त नाहीं. राजेरजवाड्यांनीं दिलेल्या इनामांच्या सनदा दप्तरांत जपून ठेवलेल्या आढळतात. परंतु ज्यांनीं आपलें कसब कोणतीहि सनद न करतां लोकांस देऊन टाकलें, त्यांचीं नांवें त्या दप्तरांत क्वचितच सांपडतात.

प्रस्तुत लेखांत अशाच एका दानाचा आणि त्याबद्दलच्या कृतज्ञतेचा इतिहास आम्ही सांगणार आहों. गेल्या पाव शतकांत घरीं बसून गाणें ऐकण्याची रीत पार पालटून गेली. तबकडी गेली, फीत गेली, चकतीहि गेली. गाणें आतां आंकड्यांच्या रूपानें संगणकाच्या पोटांत राहतें आणि तेथून घरांतील ज्या खोलींत हवें त्या खोलींत वाहत येतें. ह्या वाहण्यास 'स्ट्रीमिंग' हा इंग्रजी शब्द सर्वत्र रूढ झाला आहे. हें कार्य घडवून आणणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकीं कांहीं अत्युत्तम सॉफ्टवेअरें त्यांच्या रचनाकारांनीं जगास मोकळ्या हातानें देऊन टाकलीं आहेत. घेणाऱ्यांनीं देणाऱ्यांचे उपकार कोणत्या रीतीनें मानले, कोठें ते मानावयाचे राहिले, आणि परभणीसारख्या जिल्ह्याचा ह्या कथेशीं संबंध काय, हें आपणांस पाहावयाचें आहे. संबंध आहे, आणि तो प्रथमदर्शनीं वाटतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे.

परभणी जिल्हा गोदावरीच्या खोऱ्यांतला. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी हें त्याचें पूर्वापार वैभव. ज्वारी म्हटली कीं भाकरी आली, आणि पिठाची गिरणी गांवोगांव पोंचण्यापूर्वीं भाकरी म्हटली कीं जातें आलें. पहांटेच्या अंधारांत घरांतील बाई जात्यापाशीं बसे, एका हातानें खुंटा फिरवी, दुसऱ्या हातानें मूठमूठ दाणे घाली आणि दगडाच्या घरघरीवर ओवी म्हणे. पाळण्यांतील मूल त्या सुरानें निजे आणि अंथरुणांतील पुरुष त्याच सुरानें जागे होत. घरबसल्या, पैसा न देतां, नित्य नेमानें ऐकूं येणारें संगीत शोधावयाचें झाल्यास इतिहासाला प्रथम ह्या जात्यापाशीं यावें लागतें.

ह्याच जिल्ह्यांतील गंगाखेड हें संत जनाबाईचें जन्मस्थान. लहानपणींच ती पंढरपुरास दामाशेटीच्या घरीं दासी म्हणून राहिली आणि नामदेवाच्या परिवारांत तिचें सारें आयुष्य गेलें. दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या हीच तिच्या अभंगांची सामग्री. तिच्या जोडीला प्रत्यक्ष विठ्ठल दळावयास बसे, ही कथा महाराष्ट्रानें शतकानुशतकें उराशीं बाळगली आहे. त्या कथेकडे आपणांस पुढें वळावयाचें आहे. तूर्त दुसऱ्या एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधतों. जनाबाईनें आपल्या अभंगांचें मोल घेतलें नाहीं. परंतु त्यांच्या शेवटीं आपली नाममुद्रा मात्र ठेविली. ज्यानें अभंग पाठ केला त्यानें ती मुद्राहि पाठ केली. अभंग कोणीहि गावा, कोठेंहि गावा, त्यास कोणाची आज्ञा नको. पण म्हणतांना कर्त्याचें नांव पुसूं नये, अशी ती अलिखित मर्यादा होती. ही मर्यादा सदैव पाळली गेली असें नाहीं. दुसऱ्याच्या मुद्रेखालीं आपली रचना खपविणारेहि झाले, आणि त्यापायीं गाथांच्या संपादकांस पुष्कळ कष्ट पडले. तथापि मर्यादा होती म्हणूनच तिचा भंग ओळखतां आला, हें विसरतां कामा नये.

ओवीची गोष्ट निराळी. ओवींत भाऊ येतो, आईबाप येतात, माहेरची वाट येते, पंढरीचा विठोबा येतो. पण ओवी रचणारीचें नांव येत नाहीं. एकीनें म्हटली, शेजारणीनें तींतील एक शब्द फिरविला, लेकीनें ती सासरच्या गांवीं नेली. देणारीनें अडविलें नाहीं, घेणारीनें विचारलें नाहीं. मुक्त वाङ्मयाचें ह्याहून शुद्ध उदाहरण दाखवितां येणार नाहीं. मात्र ह्या मुक्ततेस दोन बाजू होत्या. देणारी अज्ञात राहिली, ही एक; आणि दळणाचे कष्ट तिच्याच माथीं राहिले, ही दुसरी. जें ऐकणारास फुकट मिळत होतें त्याची किंमत कोणीतरी पहांटेच्या झोपेनें आणि हातांच्या घट्ट्यांनीं मोजीत होतें. गिरणी आली तेव्हां तो हात मोकळा झाला आणि ओवी मुकी झाली. जात्याच्या नांवानें उसासे टाकणाऱ्या रसिकांनीं ह्या व्यवहाराच्या दोन्ही बाजू लक्षांत घ्याव्या.

यंत्रयुग आलें तेव्हां घरांतील सुराला दाम आला. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग ह्यांनीं ग्रामोफोन कंपनीकरितां कलकत्त्यास गौहरजान ह्यांचें गाणें ध्वनिमुद्रित केलें. त्या काळच्या आपल्या तबकड्यांत गाण्याच्या शेवटीं गौहरजान आपलें नांव मोठ्यानें उच्चारीत. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होत; कोणती तबकडी कोणाची हें तेथील कारागिरांस कळावें, एवढाच त्यांतील व्यावहारिक हेतु. परंतु अभंगाच्या संस्कारांत वाढलेल्या कानांस ती नाममुद्राच वाटावी, ह्यांत नवल नाहीं.

पुढें रेडिओ आला. परभणी त्या काळीं निजामाच्या राज्यांत होती. १९३५ सालीं हैदराबादेस 'डेक्कन रेडिओ' सुरू झाला. औरंगाबादेसहि संस्थानचें केंद्र निघालें. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाचा अंमल संपला आणि १ एप्रिल १९५० रोजीं हीं दोन्ही केंद्रें ऑल इंडिया रेडिओच्या ताब्यांत आलीं. कालांतरानें परभणीसहि आकाशवाणीचें स्वतंत्र केंद्र झालें. हवेंतून येणारा हा सूर फुकट भासे, पण घरीं रेडिओ ठेवावयाचा तर परवाना काढावा लागे, आणि १९८० च्या दशकांत ही पद्धति बंद होईपर्यंत पोस्टांत जाऊन शुल्क भरण्याचा विधि मध्यमवर्गीय कुटुंबांत नेमानें चालत असे. १९५७ सालीं विविधभारती सुरू झाली आणि फर्माइशीच्या पत्रांचा पाऊस पडूं लागला. श्रोत्यांच्या कृतज्ञतेस त्या पत्रांनीं वाट करून दिली. मात्र तीं पत्रें गायकाचें, संगीतकाराचें, फार तर निवेदकाचें नांव घेत. ज्याच्या हातांनीं तो सूर हवेंत सोडला जाई त्या अभियंत्याची आठवण त्यांत क्वचितच असे. साधनाचा कर्ता हा साधनाच्या मागें लपलेला राहतो, हा नियम जात्यापासून रेडिओपर्यंत अबाधित राहिला.

संगणकाच्या राज्यांत ह्या नियमास प्रथम धक्का बसला, आणि तो एका कायदेशीर लेखामुळें बसला. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ सालीं 'ग्नू जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना प्रसिद्ध केला. त्याचा मतलब थोडक्यांत असा: सॉफ्टवेअर कोणीहि वापरावें, उघडून तपासावें, आपल्या गरजेप्रमाणें बदलावें आणि दुसऱ्यास द्यावें. मात्र देतांना घेणाऱ्यासहि हेच सर्व अधिकार द्यावे, आणि मूळ रचनाकाराच्या हक्काची नोंद पुसूं नये. स्टॉलमन ह्यांच्या विचाराशीं ज्यांचें सर्वस्वीं जमलें नाहीं त्यांनीं ह्याहून सैल परवाने लिहिले. पण नांवाची नोंद राखण्याची अट त्यांतहि बहुधा कायम राहिली. आमच्या मतें हीच ती नाममुद्रा. पंढरपुरांत ती परंपरेनें राखली, बॉस्टनमध्यें ती कायद्याच्या भाषेंत लिहिली, एवढाच भेद.

येथें शब्दांचा एक विवेक केला पाहिजे. मराठींत 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. इंग्रजींत दोहोंस एकच शब्द असल्यामुळें तिकडे ह्या चळवळीविषयीं पुष्कळ गैरसमज पसरले आणि तिच्या पुरस्कर्त्यांचा निम्मा वेळ ते निस्तरण्यांत गेला. आपल्या भाषेनें हा विवेक आपणांस आयता दिला आहे. तरीहि मुक्त वस्तूला फुकट समजण्याची खोड आपल्यास आहेच. ती भाषेची नव्हे, स्वभावाची खोड होय.

आतां ध्वनीकडे वळूं. १९९० च्या दशकांत 'एमपीथ्री' ही ध्वनि संक्षेपण्याची पद्धति लोकप्रिय झाली. मनुष्याच्या कानास जें ऐकूं येण्याचा संभव कमी, तें गाळून टाकून गाण्याचा भार सुमारें दशांशावर आणावयाचा, ही तिच्यांतील युक्ति. परंतु तिच्यावर जर्मनीची फ्राउनहोफर संस्था आणि इतर कांहीं ह्यांचे पेटंट-हक्क होते, आणि १९९८ सालीं त्यांच्या शुल्काची मागणी स्पष्टपणें पुढें आली. तेव्हां ख्रिस माँटगोमरी आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं 'व्हॉर्बिस' ही कोणाच्याहि पेटंटाखालीं नसलेली पद्धति रचण्याचें काम नेटानें हातीं घेतलें. जुलै २००२ मध्यें तिची पहिली परिपूर्ण आवृत्ति प्रसिद्ध झाली. जोश कोल्सन ह्यांनीं २००१ सालीं 'फ्लॅक' दिली. तिच्यांत गाण्याचा भार हलका होतो, पण मूळ ध्वनीचा एक कणहि गमावत नाहीं. जॅक मॉफिट आणि बरथ राघवन ह्यांनीं त्याच सुमारास 'आइसकास्ट' रचलें, ज्याच्या योगानें कोणाहि सामान्य माणसास आपल्या खोलींतून जगभर ऐकूं जाईल असें ध्वनिकेंद्र चालवितां येऊं लागलें. एमपीथ्रीचा परवाना-व्यवहार २०१७ सालीं संपुष्टांत आला. तोंपर्यंत पंधरा वर्षें व्हॉर्बिसची मोकळी वाट चालूं होती, आणि 'स्पॉटिफाय' सारख्या मोठ्या व्यापारी सेवेनेंहि श्रोत्यांच्या घरीं गाणें पोंचविण्यास तिचाच अवलंब केला. अशा सेवेचा वर्गणीदार गायकास ओळखतो, कंपनीस ओळखतो. व्हॉर्बिस हें नांवहि त्याच्या कानांवर येत नाहीं.

कृतज्ञतेच्या दृष्टीनें ज्याची कथा सर्वांत बोधप्रद, असें एक सॉफ्टवेअर घराच्या आंतील संगीताचें आहे. २००० सालीं कॅलिफोर्नियांत शॉन अ‍ॅडम्स ह्यांनीं 'स्लिम डिव्हाइसेस' ही छोटी कंपनी काढली. ती एक लहानशी पेटी विकी. घरच्या संगणकावरील गाणें ती तारेतून, आणि पुढें बिनतारी, दिवाणखान्यांतील ध्वनिवर्धकाकडे नेई. पेटीस दाम होता. पण संगणकावर बसून गाणीं पाठविणारें 'स्लिमसर्व्हर' हें सॉफ्टवेअर ग्नू परवान्याखालीं मुक्त होतें. जगांतील कोणीहि तें उघडून पाहावें, दुरुस्त करावें, पेटी नसली तरी वापरावें. त्याभोंवतीं श्रोते आणि रचनाकार ह्यांचा एक मोठा मेळा जमला. कोणी दोष शोधून ते नीट लिहून कळविले, कोणी आपल्या भाषेंत भाषांतर केलें, कोणी नव्या सोयी रचून जोडल्या, कोणी रात्ररात्र जागून नवख्यांच्या शंका फेडल्या.

ह्या सॉफ्टवेअरच्या अंगीं असलेली एक कला येथें सांगण्याजोगी आहे. घरांतील दोन-तीन खोल्यांत एकच गाणें एकाच वेळीं वाजावयाचें असेल, तर प्रत्येक खोलींतील पेटीचें घड्याळ दुसरीच्या घड्याळाशीं तंतोतंत जुळलें पाहिजे. तीं घड्याळें स्वभावतःच थोडीं मागेंपुढें धांवतात. फरक सेकंदाच्या कांहीं शतांशांवर गेला कीं गाण्यास प्रतिध्वनि चिकटतो आणि ऐकणाराचें मन विटतें. म्हणून सर्व्हर प्रत्येक पेटीस वारंवार 'तूं कोठवर आलीस' असें विचारतो, आणि जी पुढें गेली तिला क्षणभर थांबवितो, जी मागें राहिली तिला किंचित् पुढें नेतो. भजनी मंडळांत पंचवीस टाळकऱ्यांना मृदंगावरील एक कान जुळवून ठेवतो, तसेंच हें कार्य. तें साधलें कीं कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. बिघडलें कीं मात्र सर्वांच्या येतें. साधनाच्या कर्त्यास धन्यवाद दुर्मिळ कां, ह्याचें एक कारण येथें सांपडतें. त्याचें यश म्हणजे तक्रारीचा अभाव, आणि अभावास कोणी टाळ्या वाजवीत नाहीं.

२००६ सालीं 'लॉजिटेक' ह्या मोठ्या कंपनीनें स्लिम डिव्हाइसेस ही संस्था दोन कोटि डॉलरांस विकत घेतली, आणि २०१२ सालीं त्या पेट्या काढण्याचें बंद केलें. व्यापारांत असें घडतें, आणि कंपनीस तो अधिकार होता. एरवीं अशा वेळीं ग्राहकाच्या हातीं मुकी पेटी तेवढी उरते. येथें तसें झालें नाहीं. सॉफ्टवेअर मुक्त होतें, म्हणून तें कोणाच्या कोठारांत कोंडलें गेलें नाहीं. ज्यांनीं बारा वर्षें त्याचा उपभोग घेतला होता त्यांतीलच कांहीं जण पुढें सरसावले. मायकेल हेर्गर ह्यांच्यासारख्यांनीं त्याची निगा अखंड चालूं ठेवली. हातावर मावणाऱ्या स्वस्त संगणकावर बसेल अशी त्याची व्यवस्था झाली. २०२४ सालीं कंपनीनें आपली उरलीसुरली आंतरजालीय सेवाहि बंद केली, आणि त्याच वर्षीं ह्या सॉफ्टवेअरनें 'लिरियन म्युझिक सर्व्हर' हें नवें नांव धारण केलें. पेट्या विकणारा निघून गेल्यावरहि तपाहून अधिक काळ त्या पेट्या गात राहिल्या. ह्यास उपकारस्मरण म्हणावें कीं उपकाराची परतफेड, हें वाचकांनीं ठरवावें; आमच्या मतें हीं दोन नांवें एकाच गोष्टीचीं आहेत.

आपल्या देशांतहि असा एक प्रसंग घडला. 'व्हीएलसी' हें नारिंगी शंकूचें चिन्ह असलेलें सॉफ्टवेअर परभणीच्या घराघरांतील संगणकांवर दिसतें. तें १९९६ सालीं पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं आरंभिलें. विद्यालयाच्या जाळ्यांतून वसतिगृहाच्या खोल्यांत चित्र आणि ध्वनि वाहत नेणें, हाच त्याचा मूळ हेतु होता. २००१ सालीं विद्यालयाच्या अनुमतीनें तें ग्नू परवान्याखालीं मुक्त झालें. २०२२ च्या आरंभापासून भारतांत त्याच्या अधिकृत संकेतस्थळाची वाट बंद करण्यांत आली. तेव्हां त्याच्या रचनाकारांनीं 'इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन' ह्या भारतीय संस्थेच्या साह्यानें कायद्याची नोटीस दिली आणि बंदीचें कारण विचारलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत बंदी उठली. परदेशच्या दात्यांसाठीं येथील कायदेपंडित उभे राहिले. कोट्यवधि भारतीयांनीं हें सॉफ्टवेअर वापरलें असेल. त्यांच्या वतीनें थोड्यांनीं हें ऋण फेडलें. इतिहासांत बहुतेक ऋणें अशींच, पुष्कळांच्या वतीनें थोड्यांनीं फेडलेलीं आढळतात.

आतां परभणीचा धागा पुन्हां हातीं घेऊं. बर्नार बेल हे फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ आणि संगीताचे अभ्यासक. १९८० च्या दशकाच्या आरंभीं जेम्स किप्पेन हे विद्वान लखनौ येथें उस्ताद आफाक हुसेन खाँ ह्यांच्यापाशीं तबल्याचा अभ्यास करीत होते. कायद्याचा विस्तार कोणत्या नियमांनीं होतो हें शोधण्यासाठीं बेल ह्यांनीं त्यांच्याकरितां 'बोल प्रोसेसर' हें सॉफ्टवेअर रचलें. यंत्रानें बोलांची रचना करावी आणि उस्तादांनीं ती ग्राह्य कीं अग्राह्य तें सांगावें, असा तो अपूर्व संवाद होता. हें सॉफ्टवेअर पुढें मुक्त करण्यांत आलें आणि आजहि कोणास तें घेऊन वापरतां येतें.

हेच बेल १९९० च्या दशकाच्या मध्यास महाराष्ट्रांतील एका थोर उद्योगांत सामील झाले. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर हे पुण्याचे समाजशास्त्रज्ञ खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या गोळा करीत होते. त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. बेल ह्यांनीं त्यांच्यासाठीं संगणकावर संग्रहकोश रचला आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलें. हें धन पुढें फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हाँस येथील ध्वनिसंग्रहांत सुरक्षित राहिलें. पॉइतवाँ २००४ सालीं आणि राईरकर २०१० सालीं निवर्तल्यावर 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' ह्या संस्थेनें तो भार उचलला, आणि २०१७ पासून ह्या ओव्या ध्वनि आणि भाषांतर ह्यांसह सर्वांस विनामूल्य खुल्या होऊं लागल्या.

त्या संग्रहांत परभणी जिल्ह्यांतील ताडकळस ह्या गांवच्या गंगूबाई आंबोरे ह्यांचा आवाज आहे. सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्या ज्या स्वरांत म्हणतात तो ऐकल्यावर, वनवास हा शब्द त्यांनीं पोथींतून घेतलेला नाहीं हें कोणासहि कळावें. संग्रहांत ओवीबरोबर गाणारीचें नांव, गांव, तालुका आणि जिल्हा ह्यांची नोंद ठेवलेली आहे. ज्या ओवीस शेंकडों वर्षें मुद्रा नव्हती तिला ती अशा रीतीनें मिळाली. ताडकळसचा सूर फ्रान्सला जाऊन आला, आणि आज परभणींतील मुलगी आपल्या हातांतील फोनवर तो ऐकूं शकते. तो वाहून आणणाऱ्या आंतरजालाचा मोठा भार अनेक मुक्त सॉफ्टवेअरांवर आहे. जात्यावरील दात्री आणि संगणकावरील दाते ह्यांची अशी गांठ पडावी, हा योगायोग खरा. परंतु दोघांच्या दानाची जात एकच असल्यामुळें तो निरर्थक योगायोग नव्हे.

ह्यावर कोणी सुज्ञ आक्षेप घेतील कीं, हे रचनाकार स्वतःच्या आनंदासाठीं, नांवलौकिकासाठीं, कित्येकदां नोकरीचा भाग म्हणूनहि काम करतात. त्यांचे उपकार कशाचे? आमचें उत्तर असें कीं, देणाराचा हेतु तपासणें हें घेणाराचें काम नव्हे. विहीर बांधणारानें पुण्यासाठीं बांधली कीं कीर्तीसाठीं, ह्यावर पाण्याची गोडी अवलंबून नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा कीं, कृतज्ञतेचीं गोड वाक्यें हीं पुष्कळदां दुसऱ्याकडून फुकट राबवून घेण्याचें साधन होतात. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच घरांत आहे. ओवीचें कौतुक सर्वांनीं केलें. विद्वानांनीं प्रस्तावना लिहिल्या, कवींनीं तिचें अनुकरण केलें. जात्याचा खुंटा मात्र बाईच्याच हातीं राहिला. मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासांतहि हेंच आढळतें. २०१४ सालीं 'ओपन-एसएसएल' ह्या सॉफ्टवेअरमध्यें एक भयंकर दोष उघडकीस आला. जगांतील असंख्य संकेतस्थळांचें गुपित त्याच्या भरंवशावर होतें. आणि तें सांभाळणाऱ्यांस येणाऱ्या देणग्या वर्षास सुमारें दोन हजार डॉलर एवढ्याच होत्या, ही गोष्ट त्यानिमित्तानें जगास कळली. वापरणारे अगणित, राबणारे मूठभर, हें चित्र तेव्हां प्रथमच सर्वांच्या डोळ्यांसमोर आलें.

म्हणून आतां जनाबाईच्या कथेकडे पाहूं. विठ्ठलानें जनीची स्तुति केली असें ती कथा सांगत नाहीं. त्यानें तिला वर दिला, धन दिलें, असेंहि सांगत नाहीं. तो तिच्या समोर बसला आणि त्यानें खुंट्यास हात लावला, एवढेंच ती सांगते. जातें दोघांनीं ओढलें कीं हलकें होतें, हें ज्यांनीं दळलें आहे त्यांस ठाऊक असतें. जिच्या अभंगांनीं देव तृप्त झाला तिचें ऋण देवानें दळण दळून फेडलें, अशी ही महाराष्ट्राची कल्पना आहे. कृतज्ञतेची ह्याहून उंच आणि ह्याहून व्यवहारी व्याख्या आम्हीं तरी कोठें वाचलेली नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं तीन ऋणें सांगितलीं, त्यांतील ऋषिऋण अध्ययनानें फिटतें असें म्हटलें. म्हणजे ज्यानें विद्या दिली त्यास ती परत करावयाची नसून पुढें चालवावयाची असते. दोन्ही विचारांचा निष्कर्ष एकच: जें मुक्तपणें घेतलें त्याच्या श्रमांत वांटा घ्यावा आणि तें पुढें द्यावें.

हें आमच्या शिक्षितवर्गास अशक्य नाहीं. परभणींत आज महाविद्यालयें आहेत, १९७२ सालीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ आहे, संगणक जाणणाऱ्या तरुणतरुणींची वाण नाहीं. घरीं वापरांत असलेल्या मुक्त सॉफ्टवेअरचें मराठी रूपांतर अपुरें असेल तर तें पुरें करावें. दोष दिसला तर चारचौघांत नांवें ठेवण्याऐवजीं तो रचनाकारास नीट शब्दांत लिहून कळवावा. ज्यांस हें साधत नाहीं त्यांनीं वर्षाकांठीं एका चित्रपटाच्या तिकिटाइतकी रक्कम देणगी म्हणून धाडावी. पूर्वीं रेडिओच्या परवान्यास आपण दरसाल शुल्क भरीतच होतों, आणि तें तर सक्तीनें. ज्यांच्या घरीं आजी आहे त्यांनीं तिच्या ओव्या फोनवर मुद्रित करून, तिच्या संमतीनें, तिच्या नांवागांवासह ठेवाव्या. आणि कांहींच न जमलें तरी एवढें करावें कीं, गाणें लावतांना तें आपल्यापर्यंत आणणाऱ्या सॉफ्टवेअरचें 'परिचय' हें पान एकदां उघडून त्यांतील नांवें आपल्या मुलांस वाचून दाखवावीं. परवान्याची अट नांव न पुसण्याची आहे. तें वाचावें अशी अट कोणत्याहि कायद्यानें घालतां येत नाहीं. तेवढें घेणाराच्या सौजन्यावर सोडलेलें आहे.